‘दिवाणी वाद आहे’ : केळीच्या २८ गाड्यांचं प्रकरण

पोलिसातून निवृत्त झालेल्या माणसाला लोक हमखास विचारतात, "साहेब, तुमची सगळ्यात मोठी केस कोणती?" त्यांना खून ऐकायचा असतो, नाहीतर दरोडा. ३६ वर्षांच्या नोकरीत मी दोन्ही पाहिले. १९८३ साली जळगाव जिल्ह्यात शिपाई म्हणून लागलो, पुढे खात्याची परीक्षा देऊन फौजदार झालो आणि २०१९ साली सहायक पोलीस निरीक्षक म्हणून घरी आलो. तापीच्या दोन्ही काठांवरची बरीच ठाणी फिरलो. तरीही नव्या फौजदाराला समोर बसवून एखादं प्रकरण सांगायचं झालं, तर मी केळीचं सांगतो. त्यात रक्त सांडलं नाही आणि आरोपीही शेवटी सुटला. चूक मात्र माझी होती, आणि ती कोणत्या दिवशी किती वाजता झाली तेही मला सांगता येतं.

गावाचं, ठाण्याचं, माणसांचं नाव देत नाही. तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर असा केळीचा पट्टा आहे. त्यातल्या एका लहान शहरातलं ठाणं. साल २०१२, जूनचा पहिला आठवडा. पाऊस अजून आला नव्हता.

प्रकरण समजायचं तर आधी केळीचा व्यवहार समजावा लागतो. मी स्वतः कापसाच्या गावचा. कापूस घरात भरून ठेवता येतो. भाव नाही पटला तर दोन महिने थांबता येतं, अंगाला खाज सुटते तेवढीच. मका, हरभरा, ज्वारी यांचंही तेच. केळीचं तसं नाही. घड भरला की आठ-दहा दिवसांत तो कापावाच लागतो. आदल्या जून-जुलैत लावलेली मृगबाग नेमकी पुढच्या मे-जूनमध्ये कापणीला येते, म्हणजे आमच्याकडे पारा ४४-४५ वर असतो तेव्हा. माल बागेतच पिकायला लागतो, तडकतो. त्यात वळवाच्या वाऱ्याची धास्ती. अर्ध्या तासाच्या वादळात अख्खी बाग आडवी झालेली मी बंदोबस्ताला आणि पंचनाम्याला जाऊन कितीदा पाहिली आहे. वर्षभर पाणी, खत, ठिबक, मजुरी घातलेली आणि हातात आठवडा. अशा वेळी व्यापारी म्हणतो, "माल भरा, आठ दिवसांत पैसे," आणि शेतकरी भरतो. टोळी येते, घड कापते, बांधावरून रस्त्यावर आणते. पानांची गादी करून ट्रक भरला जातो, वजनकाट्यावर जातो, आणि शेतकऱ्याच्या हातात एक चिठ्ठी पडते. गाडीचा नंबर, रिकामं वजन, भरलेलं वजन. सगळा व्यवहार त्या चिठ्ठीवर चालतो. बहुतेक वेळा तो नीटच चालतो, हेही सांगायला हवं. पिढ्यान्‌पिढ्या चोख पैसे देणारे व्यापारी या पट्ट्यात आहेत, म्हणूनच शेतकरी विश्वास टाकतो.

पहिला माणूस

त्या दिवशी निरीक्षक साहेब बंदोबस्ताला बाहेर होते. ठाण्याचा चार्ज माझ्याकडे. दुपारचे सव्वातीन वाजले असतील. पंचावन्नच्या आसपासचा एक शेतकरी आत आला. त्याला मी इथे आबा म्हणतो, ठाण्यातही तसंच म्हणालो होतो. अंगात पांढरा सदरा, त्यावर केळीच्या चिकाचे डाग. हा चीक कपड्यावर पडला की काळा पडतो आणि कितीही धुतला तरी जात नाही. खिशातून त्यांनी बियाण्याची एक जुनी प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात वजनकाट्याच्या तीन चिठ्ठ्या होत्या, घामाने मऊ पडलेल्या. टेबलावर एकेक सरळ करून ठेवल्या, वर माझाच पेपरवेट ठेवला, कारण पंखा जोरात होता.

तीन गाड्या दिल्या होत्या. पहिल्या गाडीचे पैसे सहाव्या दिवशी चेकने मिळाले, चेक वटला. दोन गाड्यांचे राहिले, सव्वादोन लाखांच्या वर. व्यापारी नवीन, दीड महिन्यापूर्वी आलेला. हमरस्त्याला गाळा भाड्याने घेऊन बसला होता. वायदा होऊन पाच दिवस झाले होते. माणूस गाळ्यावर भेटत होता, चहा पाजत होता, "उद्या" म्हणत होता.

"मग भेटतोय ना? पळाला तर नाही?"

"नही सायेब. पन मले त्याची चाल बरोबर वाटत नही. बोर्डापेक्षा पन्नास रुपये जास्त देऊ राह्यला."

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. पुढे सगळी केस त्यावर उभी राहिली. आमच्याकडे शेतकऱ्याचं रडगाणं वर्षानुवर्षं एकच, की व्यापारी बोर्डाच्या भावापेक्षा, म्हणजे केळीच्या जाहीर होणाऱ्या भावापेक्षा, कमी देतो. ऐन हंगामात, माल धो-धो निघत असताना, कुणी क्विंटलमागे पन्नास रुपये जास्त देत असेल तर तो एकतर खुळा, नाहीतर त्याला पैसे द्यायचेच नाहीत. आबांना ते बागेत राहून कळलं होतं. मला तिथे २९ वर्षांच्या नोकरीनंतरही कळलं नाही.

मी म्हणालो, "आबा, हा दिवाणी वाद आहे. माल दिला, पैसे यायचेत. वकील गाठा, कोर्टात दावा लावा."

ठाण्यातला हा सगळ्यात सोयीचा शब्द आहे. त्यामागे खरं कारणही असतं. व्यवहारातले पैसे थकले म्हणजे लगेच फसवणूक होत नाही. वचन देताना, म्हणजे अगदी सुरुवातीलाच, नियत खोटी असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात २००० साली हे स्पष्ट केलं आहे. पैसे वसूल करायला लोक पोलिसांचा वापर करतात, हेही खरं. पण या खऱ्या कारणाच्या आडोशाला दुसरं एक बसलेलं असतं. ४२० चा गुन्हा दाखल केला की ठाण्याचा आकडा वाढतो, महिन्याच्या आढावा बैठकीत त्याचं उत्तर द्यावं लागतं, तपास किचकट, कागद ढीगभर. त्या दुपारी माझ्या मनात दोन्हींपैकी कोणतं कारण जास्त होतं? आज विचारलं तर दुसरं, असंच मी सांगेन.

आबा म्हणाले, "बरं. पन काईतरी लिहून तं घ्या. मले एक कागद द्या, घरी दाखवायले."

मी अर्ज घेतला नाही. स्टेशन डायरीत ठाणे अंमलदाराला एक ओळ घालायला सांगितली: अर्जदारास दिवाणी न्यायालयात दाद मागण्याबाबत समज दिली. कागद काही दिला नाही. आणि मदत म्हणून, अगदी मनापासून मदत म्हणून, आबांच्या समोरच ठाण्याच्या लँडलाइनवरून त्या व्यापाऱ्याला फोन लावला. "काय हो, शेतकऱ्याचे पैसे का अडकवता?" तो अदबीने बोलला. "साहेब, दोन दिवसांत देतो, वरून पेमेंट अडकलंय." मी फोन ठेवला आणि आबांना म्हणालो, "बघा, देतो म्हणाला." त्यांनी पेपरवेट बाजूला ठेवून चिठ्ठ्या गोळा केल्या, पिशवीत घातल्या आणि गेले.

पुढचे नऊ दिवस

दहाव्या दिवशी सकाळी ठाण्याच्या आवारात ट्रॅक्टर आला. बारा शेतकरी, दोन गावचे पोलीस पाटील, एक सरपंच. गाळ्याचं शटर खाली, फोन बंद. गाळेमालकाचंही भाडं थकलेलं होतं. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठ्या, काहींच्या हातात पुढच्या तारखांचे चेक. बेरीज केली तेव्हा पैसे न मिळालेल्या २८ गाड्या आणि साधारण ३१ लाख रुपये. आबा सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभे होते. माझ्याकडे पाहिलं, बोलले काही नाहीत.

आबांनी गावात का नाही सांगितलं, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता. उत्तर साधं होतं. फसलो हे सांगायला माणूस लाजतो, आणि पोलिसांनीच "व्यवहार आहे" म्हटल्यावर आपण फसलो असं म्हणायचं तरी कशाच्या जोरावर? त्यातही एकदोघांना ते बोलले होते. त्या एकदोघांनी गाळ्यावर जाऊन विचारलं, तर व्यापारी हसून म्हणाला, "अहो, फौजदार साहेबांचाच फोन आला होता, त्यांच्याशी बोलणं झालंय माझं." माझा फोन त्याने दाखला म्हणून वापरला.

गुन्हा दाखल केला. भारतीय दंड संहितेचं कलम ४२० आणि सवयीने ४०६. विक्रीच्या व्यवहारात मालकीच दुसऱ्याकडे जाते, मग विश्वासाने सोपवलेल्या मालाचं ४०६ त्यात कुठून बसणार, हा प्रश्न तेव्हा आम्ही कुणी विचारत नव्हतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली रेस क्लबच्या निकालात नेमका तोच मुद्दा मांडला, की एकाच व्यवहाराला ही दोन्ही कलमं एकदम लागू शकत नाहीत. असो, ते नंतरचं.

फिर्यादी म्हणून आबांनाच घेतलं, कारण त्यांचा व्यवहार सगळ्यात आधीचा. फिर्याद लिहिताना "तक्रारीस विलंबाचे कारण" आलं. रायटर थांबला, माझ्याकडे पाहू लागला. मी सांगितलं, "लिही, आरोपी पैसे देईल या आशेने वाट पाहिली." वाचून दाखवलं तेव्हा आबा क्षणभर थांबले, मग त्यांनी सही केली. खोटं म्हणावं असं ते वाक्य नव्हतं. अर्धं होतं, आणि उरलेला अर्धा भाग मी होतो.

नियत कशी सिद्ध करायची

फसवणुकीच्या तपासात खरा कस इथे लागतो. पैसे दिले नाहीत हे सगळेच सांगतात. द्यायचे नव्हतेच, आणि पहिल्या दिवसापासून नव्हते, हे कागदावर कसं आणायचं? या भागाला आम्ही मनापासून राबलो.

पहिलं, वजनकाटे. परिसरातल्या काट्यांवरच्या दुसऱ्या प्रती जप्त केल्या. त्यातून गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि वजन मिळालं, आणि शेतकऱ्यांच्या चिठ्ठ्यांशी सगळं जुळलं. एका म्हाताऱ्या बाईची चिठ्ठी पाण्यात भिजून वाचता येत नव्हती. तिच्या गाडीची प्रत काट्यावर सापडली तेव्हा आमचा हवालदार स्वतः तिच्या घरी सांगायला गेला.

दुसरं, बँक. खातं गाळा घेण्याच्या आसपासच उघडलेलं. सुरुवातीच्या काही गाड्यांचे पैसे वेळेवर दिलेले, म्हणजे गावात नाव व्हावं म्हणून घातलेलं बियाणं. नंतर जमा झालेली रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रोखीने काढलेली. बचाव असा येणार हे उघड होतं की "मी चेक दिले होते, नियत खोटी असती तर चेक कशाला दिले असते?" म्हणून ज्या दिवशी ते चेक लिहिले त्या दिवशीची खात्यातली शिल्लक आम्ही स्वतंत्र तक्त्यात मांडली, बँकेच्या प्रमाणित उताऱ्यासह. एकाही दिवशी त्यातला एखादा चेक वटेल इतकी रक्कम खात्यात नव्हती.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात भक्कम, उत्तरेकडच्या मंडीतला हिशोब. पोलीस अधीक्षकांची परराज्यात जाण्याची परवानगी काढून दोघे जण भुसावळहून गाडीत बसले. ट्रकवाल्यांच्या बिल्ट्यांवरून, म्हणजे मालवाहतुकीच्या पावत्यांवरून, आडत्यापर्यंत पोहोचले. आडत्याच्या विक्रीच्या हिशोबपट्ट्या मिळाल्या. इथे बोर्डापेक्षा पन्नास रुपये जास्त देऊन घेतलेला माल तिथे, मजुरी आणि भाडं धरलं तर, खरेदीच्या कितीतरी खाली विकलेला होता, आणि तोही एकदा नाही, जवळपास प्रत्येक गाडीला. चुकून तोटा एकदोन गाड्यांत होतो. २८ गाड्या तोट्यात विकणाऱ्याला तोटा होतच नसतो, कारण खरेदीची किंमत त्याच्या हिशोबातच नसते. आबांनी पहिल्या दिवशी सांगितलेल्या वाक्याचा हा पुरावा होता.

चौथं, मोबाइलचे कॉल तपशील. ते अधीक्षक कार्यालयामार्फत आले, लांबलचक कागद. मी रात्री घरी नेले आणि पट्टी ठेवून एकेक ओळ पाहत गेलो. ट्रान्सपोर्टवाला, कापणीच्या टोळीचा मुकादम, मंडीतला आडत्या यांचे नंबर पाठ झाले होते. मध्येच एक ओळखीचा नंबर आला. दोनदा वाचला. आमच्या ठाण्याचा लँडलाइन होता तो. दुपारी तीन चाळीस, दोन मिनिटांच्या थोडा वर. त्याखालची ओळ तीन चव्वेचाळीस, ट्रान्सपोर्टवाला. मग मुकादम. मग पुन्हा ट्रान्सपोर्टवाला, मग आडत्या. संध्याकाळपर्यंत नऊ फोन.

काट्याच्या प्रती काढून तारखांशी लावल्या. माझ्या फोनपर्यंत पैसे न दिलेल्या गाड्या ६. फोननंतर सहा दिवसांत २२.

त्याला मी सावध केलं होतं. वेळ थोडा उरला आहे हे त्याला माझ्याकडून कळलं आणि त्याने कापणीचा वेग वाढवला. बारातले नऊ शेतकरी त्या फोननंतर फसले. बायको पाणी घेऊन आली, काय झालं म्हणाली, मी काही नाही म्हणालो.

आरोपी दोन आठवड्यांनी मध्य प्रदेशातल्या एका लॉजवर सापडला. मूळचा दुसऱ्या जिल्ह्यातला, मराठीच बोलणारा. तिथल्या दंडाधिकाऱ्यासमोर उभा करून प्रवासी कोठडी घेतली आणि आणला. बँकेतली रक्कम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली गोठवली, एक चारचाकी जप्त केली. त्याच्याच निवेदनावरून काही रोकड मिळाली. साठ दिवसांच्या आत दोषारोपपत्र गेलं. त्यात कॉल तपशील जोडले. पण स्टेशन डायरीतल्या त्या ओळीची नक्कल काढूनसुद्धा मी जोडली नाही. केस पेपरांच्या मागे, दोऱ्याला लावून ठेवली. फेकलीही नाही.

मी आज काय विचारतो

या प्रकरणानंतर व्यवहाराची तक्रार घेऊन कुणी आलं की मी तोंडातून ‘दिवाणी’ हा शब्द काढण्याआधी विचारायला शिकलो. व्यापारी केव्हापासून आहे, जागा स्वतःची की भाड्याची, पहिले पैसे वेळेवर दिले का, आणि किती गाड्यांनंतर थांबला? भाव बाजारापेक्षा जास्त होता का? अजून कुणाकुणाचा माल घेतोय? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्याचं उत्तर ठाण्यात बसून मिळत नाही, बीट अंमलदाराला गावात पाठवावं लागतं. एक मोटारसायकल, दोन तास. आणि समोरच्याला फोन करायचा नाही. आधी काट्यावर जायचं, बँकेला विचारायचं, फोन सगळ्यात शेवटी.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, ललिता कुमारी प्रकरणाचा निकाल आला. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक, असं पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं. व्यापारी व्यवहारासारख्या बाबतींत प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली, पण मर्यादित दिवसांत आणि डायरीत नोंद करून. ही मुभा योग्यच आहे. तरी मी पाहिलं आहे, की काही ठाण्यांत ‘दिवाणी वाद’ या शब्दाची जागा ‘चौकशी चालू आहे’ने घेतली. शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्हींत फरक काय? त्याचा माल तेवढ्यात मंडीत विकून झालेला असतो.

१ जुलै २०२४ पासून ४२० चं कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ च्या चौथ्या पोटकलमात गेलं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्यात खबर देता येते, घटना कुणाच्याही हद्दीतली असो. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती आधीही मोफतच होती. ठाण्याने नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी, आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. हे मी गावोगावच्या बैठकांत सांगतो. त्याहून आधी एक सांगतो: ठाण्यात गेलात तर अर्ज दोन प्रतींत न्या आणि एकीवर पोच घ्या. शिक्का, तारीख, वेळ. आबांकडे ती असती तर पुढचं घडलं नसतं.

उलटतपास

खटला उभा राहायला वेळ लागला. आबांची साक्ष २०१७ मध्ये झाली. बचाव पक्षाचे वकील हुशार होते. त्यांनी बँक, मंडी, काटे यांना फारसा हात लावला नाही. विलंबावर बोट ठेवलं. "वायदा चुकल्यावर पंधरा दिवस तुम्ही काय करत होता? वाट पाहत होता, असं तुम्हीच लिहून दिलंय. म्हणजे तुमचा विश्वास होता. म्हणजे हा उधारीचाच व्यवहार होता." आबा म्हणाले, "मी ठाण्यात गेलतो, सायेब." वकिलांनी फिर्याद वाचून दाखवली, "यात कुठे आहे?" त्यात नव्हतंच. न्यायालयात आबा खोटे ठरत होते, आणि मी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो होतो.

तेव्हाच मला दुसरी गोष्ट कळली, आबांच्या धाकट्या भावाकडून. तो साक्षीला सोबत आला होता, पण आबांपासून चार हात दूर बसला होता. बाग सामाईक होती. २०१२ साली दोन गाड्यांचे पैसे घरात आले नाहीत, आणि आबा म्हणाले की पोलिसात जाऊन आलो, पण हातात कागद नव्हता. भावाच्या मनात आलं की दादाने पैसे घेतले आणि पचवले. नंतर गुन्हा दाखल झाला, तर त्यात लिहिलेलं की वाट पाहिली, ठाण्यात गेल्याचं कुठेच नाही. मग खोटं कोण बोलतंय? त्याच दिवाळीत चूल वेगळी झाली, बांध पडला. पाच वर्षं. "काईतरी लिहून तं घ्या, घरी दाखवायले," असं आबा त्या दुपारी म्हणाले होते, आणि घरी म्हणजे कुणाला, हे मी विचारलंही नव्हतं.

पुढच्या तारखेला माझी साक्ष होती. सरकारी वकिलांचा सरतपास तासभर चालला. मग बचाव पक्षाचे वकील उठले. "फिर्यादी म्हणतो तो आधीच ठाण्यात आला होता. तपासी अधिकारी म्हणून तुम्हाला तसं काही आढळलं?"

सरकारी वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. "आठवत नाही" म्हणणं सोपं होतं. पाच वर्षं झाली होती, कुणी दोष दिला नसता.

मी म्हणालो, "होय. ते आले होते. त्या वेळी ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता. दिवाणी वाद आहे असं सांगून मी त्यांना परत पाठवलं. स्टेशन डायरीत नोंद आहे, नक्कल माझ्याजवळ आहे. फिर्यादीत विलंबाचं जे कारण आलं ते माझ्या सांगण्यावरून लिहिलं गेलं. त्याच वेळी मी आरोपीला ठाण्यातून फोनही केला होता, तो कॉल तपशिलात आहे."

न्यायाधीशांनी टंकलेखकाला थांबवलं, मला पुन्हा सावकाश सांगायला लावलं, शब्दन्‌शब्द घेतला. खात्याने नंतर खुलासा मागवला. दिला. सक्त ताकीद मिळाली, ती सेवापुस्तकात आहे आणि असायलाच हवी. विलंबाचा मुद्दा त्या दिवशी निकाली निघाला.

पुढच्या काही महिन्यांत आरोपीकडून तडजोडीचा निरोप आला. ४२० चा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येतो. रुपयाला सत्तर पैसे. मला शिक्षा हवी होती, लपवत नाही. पण अकरा जणांनी पटकन सह्या केल्या. कुणाला केळीची कांदेबाग लावायची होती, कुणाचं सोसायटीचं कर्ज थकलं होतं, एकाच्या मुलीचं लग्न होतं. त्यांना थांबा म्हणण्याचा अधिकार मला कुठून असणार? आबांनी दोन आठवडे घेतले, शेवटी त्यांनीही सही केली. तडजोड झाली की कायद्याने आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच. सुटला.

नंतर एकदा आबा ठाण्यात आले. माझ्या साक्षीची नक्कल कशी मिळते, विचारत होते. मी अर्ज लिहून दिला, शुल्क सांगितलं, न्यायालयातल्या नकला विभागात कुणाला भेटायचं ते सांगितलं. पंधरा-वीस दिवसांनी नक्कल हातात घेऊन ते पुन्हा आले. या वेळी दोघे भाऊ एकाच मोटारसायकलवर होते, धाकटा चालवत होता.

धाकट्याने ती पानं माझ्यासमोर उभ्याउभ्याच वाचली, बोट ठेवून. फोनच्या ओळीपाशी थांबला.

"सायेब, या फोननंतर किती गाड्या गेल्या?"

"बावीस."

"आमच्या?"

"तुमच्या दोन्ही आधीच गेल्या होत्या."

त्याने थोडा वेळ कागदाकडे पाहिलं. "मंग दादाचं ऐकलं असतं, तं बाकीच्याइच्या वाचल्या असत्या."

मी हो म्हणालो. आबांनी खिशातून ती बियाण्याची पिशवी काढली आणि धाकट्यापुढे धरली. त्याने पानांची घडी करून आत घातली.